उन्हाळ्यात वावर, पावसाळ्यात तळं: कळमेश्वरजवळ बांधकाम करण्याआधी पाणथळ जागा कशी ओळखायची?

मे महिन्यात कळमेश्वरच्या आसपास कुठलीही जमीन पाहायला गेलं तर ती सारखीच दिसते. काळी माती, तिला पडलेल्या भेगा, धुऱ्यावर एखादी बाभूळ. लेआउटवाला चुन्याच्या रेषा दाखवतो, नागपूर किती मिनिटांवर आहे ते सांगतो आणि बुकिंगची रक्कम किती ते त्याहून आधी सांगतो. तीच जमीन ऑगस्टमध्ये पाहिली तर काही ठिकाणी चुन्याची रेषा सरळ पाण्यात शिरलेली दिसते. गावातल्या जुन्या माणसांना याचं नवल वाटत नाही. तिथे बोडी होती, किंवा दोन नाल्यांचं पाणी येऊन थांबायची खोलगट जागा होती, हे त्यांना माहीत असतं. फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

नागपूर शहर पसरतंय आणि ते कळमेश्वरच्या दिशेनेही पसरतंय. नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे एनएमआरडीएच्या हद्दीत सातशेहून जास्त गावं येतात आणि त्यात कळमेश्वर तालुक्यातलीही गावं आहेत. इथे एमआयडीसी आहे, पोलादाचा मोठा कारखाना आहे, इटारसीकडे जाणारी मुख्य रेल्वे आहे, काटोल रोड आहे. त्यामुळे शेतीची जमीन अकृषक होण्याचा वेग समजण्यासारखा आहे. प्रश्न एवढाच आहे की जमीन अकृषक करताना आणि लेआउट पाडताना पाण्याचा हिशोब नेमका कोण करतं?

याचं उत्तर शोधताना एका तलावाचा खटला आधी समजून घ्यावा लागतो. तो तलाव नागपूर शहरातला आहे, पण खटल्याचा निकाल कळमेश्वरच्या प्रत्येक बोडीला लागू पडतो.

फुटाळ्याच्या निकालाने काय बदललं?

फुटाळा, म्हणजेच तेलंगखेडीचा तलाव, भोसल्यांच्या काळात १७९९ मध्ये बांधला गेला. अलीकडच्या काही वर्षांत तिथे संगीत कारंजं, प्रेक्षक गॅलरी, तरंगतं रेस्टॉरंट असे प्रकल्प आले. नागपूरच्या एका संस्थेने याला न्यायालयात आव्हान दिलं. संस्थेचं म्हणणं होतं, फुटाळा ही पाणथळ जागा आहे, म्हणून तिला पाणथळ जागांचे नियम लागू व्हायला हवेत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाल दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे स्पष्ट झालं, की फुटाळा हा मानवनिर्मित जलाशय आहे, कायद्याच्या व्याख्येतली 'पाणथळ जागा' नाही.

हे ऐकून अनेकांना धक्का बसला. सव्वादोनशे वर्षं पाणी साठवणारा, पक्ष्यांना आसरा देणारा तलाव पाणथळ नाही, हे कसं?

कारण व्याख्येत आहे. केंद्र सरकारचे पाणथळ जागा (संवर्धन आणि व्यवस्थापन) नियम २६ सप्टेंबर २०१७ रोजी आले. त्यात दलदल, पाणवठे, तळी, नैसर्गिक असोत की कृत्रिम, अशी मोठी व्याख्या आधी दिली आहे. मग लगेच वगळलेल्या गोष्टींची यादी येते: नदीचं पात्र, भाताची शेतं, पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले जलाशय, आणि मत्स्यपालन, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, असा हा प्रकार आहे. कारण विदर्भातला जवळजवळ प्रत्येक तलाव कुणीतरी कशासाठी तरी बांधलेला आहे. पूर्व विदर्भातले हजारो मालगुजारी तलाव सिंचनासाठी बांधले गेले. कळमेश्वर परिसरातले चंद्रभागा आणि मोरधामसारखे प्रकल्पही सिंचनाचेच. गावची बोडी खोदली ती गुरांच्या पाण्यासाठी आणि ओलितासाठी.

एखादी जागा या नियमांखाली अधिसूचित झाली, तर संरक्षण चांगलं कडक आहे. भराव घालता येत नाही, कारखाना काढता येत नाही, कचरा टाकता येत नाही, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. पण हे नियम मुख्यतः रामसर स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या जागांना लागू होतात. महाराष्ट्रात रामसर स्थळं तीनच आहेत: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी. विदर्भाच्या वाट्याला त्यातलं एकटं लोणार.

निकालाचा दुसरा भाग मात्र बातम्यांमध्ये कमी आला. मानवनिर्मित जलाशयांनाही सार्वजनिक विश्वस्त तत्त्व लागू होतं, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे तलाव ही सरकारची खासगी मालमत्ता नसून सरकार तिचा विश्वस्त आहे. तत्त्व म्हणून हे मोलाचं आहे. पण लेआउटचा मुरूम पडायला लागल्यावर तहसील कार्यालयात तत्त्व घेऊन जाणाऱ्या माणसाला ते किती कामी येईल, हा वेगळा प्रश्न.

उपग्रहाला दिसतं ते आणि दिसत नाही ते

देशातल्या पाणथळ जागांचा नकाशा इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने बनवला. पहिल्या ॲटलासमध्ये सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा नोंदल्या होत्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या जागांना संरक्षणाची तत्त्वं लागू ठेवायला सांगितलं. नंतरच्या ॲटलासमध्ये हा आकडा २,३१,१९५ झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्द निश्चिती करायला सांगितलं.

सव्वादोन हेक्टर म्हणजे साधारण साडेपाच एकर. कळमेश्वर भागातली बोडी अनेकदा त्याहून लहान असते. जलशक्ती मंत्रालयाच्या जलसाठ्यांच्या पहिल्या गणनेचा अहवाल २०२३ मध्ये आला, त्यात देशभरात २४ लाखांहून जास्त आणि महाराष्ट्रात सुमारे ९७ हजार जलसाठे मोजले गेले. दोन आकड्यांतली ही तफावत बोलकी आहे. दोन्ही गणनांच्या व्याख्या वेगळ्या आहेत हे खरं, पण लहान पाणी मोठ्या नकाशात हरवतं हेही खरं.

मग पर्यावरण परवानगीचं काय?

मोठा प्रकल्प म्हटला की पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास होतोच, असा अनेकांचा समज असतो. हा अभ्यास १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार होतो. इमारतींच्या प्रकल्पाला ती लागू होते ती २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे. नगर किंवा क्षेत्रविकासाच्या प्रकल्पाला पूर्ण टाउनशिपचा दर्जा लागतो तो दीड लाख चौरस मीटर बांधकाम किंवा ५० हेक्टर जमीन असेल तेव्हा. ५० हेक्टर म्हणजे जवळपास सव्वाशे एकर.

आता दहा एकरांच्या प्लॉटिंग लेआउटचा विचार केला तर काय दिसतं? लेआउटवाला फक्त रस्ते आणि खांब उभारतो, घरं पुढे एकेक मालक बांधतो. एकही टप्पा मर्यादा ओलांडत नाही. शेजारी दुसरा दहा एकरांचा लेआउट येतो, मग तिसरा. एकाच नाल्यावर पाच-सहा लेआउट उभे राहतात आणि त्या नाल्याचा एकत्रित अभ्यास कुणीच केलेला नसतो. यात कायदा मोडला जातो असंही नाही. कायद्याच्या जाळीची भोकं मोठी आहेत आणि इथले मासे लहान आहेत.

नियोजनात पाण्याचा विचार होतो तो पूररेषांच्या रूपाने. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटींसह. ही पद्धत नदीसाठी चांगली आहे. पण या रेषा आखल्या जातात मोठ्या नद्यांच्या काही भागांत. वावरातून जाणाऱ्या, आठ महिने कोरड्या असणाऱ्या नाल्याला पूररेषा कोण आखणार?

एका बोडीचं गणित

पाणथळ जागा बुजवल्याने नेमकं काय होतं, हे आकड्यांत मांडणं सोपं आहे.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, एक टँकर. दहा एकरांच्या, म्हणजे सुमारे चार हेक्टरांच्या लेआउटवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ४० लाख लिटर, म्हणजे चारशे टँकर. वावर असताना यातलं काही मुरतं, काही धुऱ्याला अडून थांबतं. छप्पर, डांबर आणि सिमेंटच्या अंगणावरून जवळजवळ सगळं धावत सुटतं.

काळ्या मातीबद्दल इथे एक खुलासा करायला हवा. ती नेहमीच पाणी पिते असं नाही. जूनमध्ये भेगांतून पहिला पाऊस घटाघट आत जातो. नंतर माती फुगते, भेगा बंद होतात आणि ऑगस्टमधल्या मुसळधार पावसात तीच माती पाणी आत घेईनाशी होते. म्हणूनच या भागात खोलगट जागांचं महत्त्व जास्त आहे. जमीन नाही म्हणते तेव्हा पाणी थांबायला दुसरी जागा उरत नाही.

आता एक हेक्टरची, सरासरी एक मीटर खोल बोडी घेऊ. तिच्यात एक कोटी लिटर पाणी मावतं. ती बुजवली तर ते पाणी नाहीसं होत नाही, खालच्या अंगाला जातं. चार हेक्टरांच्या सपाट वस्तीवर पसरलं तर तिथे २५ सेंटिमीटर पाणी चढतं. घराचा जोता त्याहून उंच नसेल तर पाणी आत येणार. बहुतेक जण यावर एकच उपाय करतात: आपल्या प्लॉटवर मुरमाचा भराव घालून तो शेजाऱ्यापेक्षा उंच करतात. मग शेजारी घालतो. शेवटी ज्याच्याकडे भरावाचे पैसे नाहीत त्याचं घर बोडी होतं.

हे कागदावरचं गणित नागपूरने २०२३ मध्ये प्रत्यक्ष पाहिलं. २२ सप्टेंबरच्या रात्री आणि २३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांमधल्या हजारो घरांत पाणी शिरलं, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. त्यानंतर अंबाझरीच्या सांडव्यासमोरच्या बांधकामांचा आणि तिथल्या स्वामी विवेकानंद स्मारकाच्या जागेचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला. पाऊस मोठा होताच. पण पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर काय उभं आहे, हा प्रश्न पूर आल्यानंतर विचारला गेला, आधी नाही.

पुराशिवाय दुसरं नुकसान हळू होतं आणि त्याचा फोटो निघत नाही. कळमेश्वर-काटोल पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागा विहिरी आणि बोअरवर उभ्या आहेत. बोडीत चार महिने थांबलेलं पाणी आजूबाजूच्या विहिरींना आधार देतं. बोडी गेली की विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवू लागते. आणि या तालुक्याचं पाणी तालुक्यातच राहत नाही: धापेवाड्याची चंद्रभागा पाटणसावंगीला कोलार नदीला मिळते, कोलार कन्हानला, आणि कन्हानचं पाणी नागपूरकर पितात.

बांधकामाआधी जागा कशी तपासतात?

जगभर पाणथळ जागा ओळखण्याची पद्धत तीन खुणांवर उभी आहे: पाणी, माती आणि वनस्पती. अमेरिकेच्या लष्करी अभियंता विभागाने १९८७ मध्ये याची पुस्तिका काढली आणि हीच तीन सूत्रं पुढे अनेक देशांत रुळली. जमीन आज ओली आहे का, हा प्रश्नच त्यात नाही. वर्षातला पुरेसा काळ ती ओली राहते का, आणि त्याच्या खुणा राहिल्या आहेत का, हे पाहायचं असतं.

पाण्याच्या खुणा उन्हाळ्यातही सापडतात. बाभळीच्या खोडावरची गाळाची रेघ, तारेच्या कुंपणाला अडकलेला सुका काडीकचरा, तळाला वाळून पापुद्रे झालेला गाळ, शंख-शिंपल्यांचे तुकडे. वनस्पती तर चुगलखोर असतात. लव्हाळा, पाणकणीस, बेशरमाचं रान जिथे माजलंय, तिथे पाणी थांबतं, मग लेआउटवाला काहीही म्हणो. बेशरम सांडपाण्याच्या नालीकाठीही वाढतो, म्हणून तो एकटा पुरावा नाही. लव्हाळा आणि पाणकणीस सोबत असतील तर संशय पक्का.

माती तपासणं मात्र कळमेश्वरमध्ये अवघड जातं. महिनोन्महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत हवा नसते, तिथल्या लोहाचं रूप बदलतं, माती राखाडी होते आणि मुळांच्या वाटेने तांबूस गंजाचे ठिपके दिसतात. फिकट मातीत हे सहज दिसतं. काळ्या कपाशीच्या मातीत हा रंगबदल झाकला जातो. त्यामुळे इथे फक्त मातीचा नमुना पाहून 'पाणथळ नाही' असं लिहून देणारा अहवाल सावधपणे वाचायला हवा. त्याच मातीचा आणखी एक त्रास बांधकामवाल्यांना माहीत आहे: ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि पाया हलवून भिंतींना तडे पाडते. खोलगट जागेत हा खेळ दरवर्षी होतो.

एक पावसाळा थांबून जागा पाहणं, हा सगळ्यात भरवशाचा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे. तेवढा धीर नसेल तर गुगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रं पाहता येतात. पंधरा-वीस वर्षांतली सप्टेंबर-ऑक्टोबरची चित्रं एकापाठोपाठ लावली की पाणी कुठे साठायचं ते दिसतं, आणि भराव कुठल्या वर्षी पडला तेही दिसतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत नाले आणि तळी दाखवलेली असतात. दूरसंवेदनाचं राज्याचं केंद्र, एमआरसॅक, नागपुरातच आहे.

कागद काय बोलतात?

सातबारा सगळेच पाहतात, पण नाव आणि बोजा पाहून ठेवून देतात. त्यातली 'पोटखराब' ही ओळ वाचण्यासारखी आहे. पोटखराबाचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. 'ब' म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली, किंवा रस्ता, किंवा इतर लोक वापरत असलेला तलाव अथवा ओढा यांनी व्यापलेली जमीन. म्हणजे 'ब' वर्गात काही गुंठे दिसले, तर ते कशाचे, हे विचारायलाच हवं. उत्तर अनेकदा नाला किंवा बोडी असतं.

विदर्भात याहून एक जुना कागद कामाला येतो, जो पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला ऐकूनही माहीत नसतो: निस्तार पत्रक. गावातल्या सरकारी जमिनीवर, चराईवर, तलावावर गावकऱ्यांचे कोणते हक्क आहेत, ते यात लिहिलेलं असतं. त्याचा जोडीदार म्हणजे वाजिब-उल-अर्ज, ज्यात पाण्याच्या, वहिवाटीच्या, मासेमारीच्या रूढी नोंदल्या जातात, त्याही खासगी जमिनीवरच्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये या दोन्ही नोंदींची तरतूद आहे. फुटाळ्याच्या निकालानंतर या कागदांचं वजन वाढलंय, असं म्हणायला हरकत नाही. बोडी 'पाणथळ' ठरो न ठरो, ती गावच्या हक्काची म्हणून नोंदलेली असेल तर ती बुजवणाऱ्याला दुसऱ्या दाराने अडवता येतं.

या दुसऱ्या दाराची चौकट सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी घालून दिली. पंजाबमधल्या एका गावात तळं बुजवून घरं बांधली गेली होती. जगपाल सिंग खटल्यात न्यायालयाने ती हटवायला सांगितलं आणि सगळ्या राज्यांना गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याची योजना करायला सांगितलं. त्यानंतर महाराष्ट्राने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. बांधकामावर खर्च बराच झालाय, किंवा वर्षानुवर्षं ताबा आहे, ही सबब चालणार नाही, हे त्या निकालातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. प्लॉट विकत घेणाऱ्यासाठी याचा अर्थ भीतीदायक आहे. लेआउटवाला पैसे घेऊन निघून गेलेला असतो, घर मात्र राहणाऱ्याचं पडतं.

महारेरा क्रमांक असला की सगळं तपासलं गेलं, असंही समजू नये. नोंदणीमुळे मंजूर आराखडा आणि मालकीचे कागद संकेतस्थळावर उघडे होतात. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ते तपासण्याचं काम रेरा करत नाही.

व्याख्येचा वाद फक्त इथलाच नाही

अमेरिकेतही अशीच गोष्ट घडली. आयडाहो राज्यातल्या सॅकेट दांपत्याने प्रीस्ट लेकजवळ घरासाठी प्लॉट घेतला आणि भराव टाकायला सुरुवात केली. पर्यावरण खात्याने ती पाणथळ जागा असल्याचं सांगून काम थांबवलं. खटला वर्षानुवर्षं चालला. मे २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दांपत्याच्या बाजूने निकाल देताना सांगितलं, की मोठ्या जलप्रवाहाशी पृष्ठभागावर सलग जोडलेल्या पाणथळ जागांनाच केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळेल. एका घराच्या प्लॉटवरून सुरू झालेल्या वादाने देशभरातल्या लहान, सुट्या पाणथळ जागा संरक्षणाबाहेर गेल्या. तिथे प्रश्न 'जोडलेली आहे का' हा होता, इथे 'बांधलेली आहे का' हा आहे. दोन्हीकडे पाणी तेच करतं.

फरक एवढाच, की तिथे भराव टाकण्याआधी जागेची तपासणी करून घेण्याची आणि टाळता येणारं नुकसान आधी टाळण्याची पद्धत रुळलेली आहे. इथल्या लहान लेआउटला ती करायला कुणी सांगत नाही. पण ती करायला कुणी मनाईही केलेली नाही. दहा एकरांत अर्धा एकर खोलगट जागा असेल, तर नियमाप्रमाणे सोडाव्या लागणाऱ्या मोकळ्या जागेत तिचा समावेश करता येतो. रस्ता नाल्याला आडवा न नेता समांतर नेता येतो, मोरीचा पाइप हातभराऐवजी पुरुषभर घालता येतो. यातली कुठलीही गोष्ट आराखडा कागदावर असताना जवळजवळ फुकट पडते.

ग्रामपंचायतीलाही इथे एक काम करता येतं आणि त्यासाठी मुंबईहून आदेश यायची गरज नाही. निस्तार पत्रकातल्या नोंदी, गावनकाशावरचे नाले आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष पाणी थांबणाऱ्या जागा, असे गट क्रमांक एका यादीत लिहून ती ग्रामसभेत वाचून ठरावात नोंदवता येते. पुढे त्या गटाचा लेआउट मंजुरीला आला, की एनएमआरडीएकडे आणि तहसीलदारांकडे आक्षेप नोंदवताना हा ठराव सोबत जोडता येतो. यादी करायला सगळ्यात योग्य वेळ सप्टेंबरची, जेव्हा वावरं चिंब असतात आणि बोड्या काठोकाठ भरलेल्या असतात.